ग्रेडरच्या पोरीची गाडी

११ नोव्हेंबर, गुरुवार

ही डायरी २०१० ची. जिनिंगच्या शेठनं दिवाळीत दिलती, तेव्हापासून ट्रंकेत कोरीच पडून होती. आज काढून पाह्यली तर वार बरोबर जुळतात. दोन हजार एकवीसचा गुरुवार, तिच्यातबी गुरुवार. म्हणून लिहून राह्यलो.

दुसरं कारण असं, का घरात तीन दिवसांपासून माझं कोणी ऐकून नाही राह्यलं. कागद तरी ऐकन.

एसटीचा संप आहे. घाटंजीच्या स्टँडवर कुत्रे पाय ताणून झोपले आहेत. शाळा उघडल्या, पण खेड्यावर जाणाऱ्या मास्तर-मॅडम लोकांले साधन नाही. आमच्या पायलनं त्यातून रस्ता काढला. पायल म्हणजे माझी पोरगी, एकतिशीची. कोरोनात दीड वर्ष कंत्राटावर अँबुलन्स चालवली तिनं. सप्टेंबरात कंत्राट संपलं आणि एक सर्टिफिकेट हातात देऊन घरी पाठवलं. आता म्हणते, आठ सीटची व्हॅन घेते. सात मास्तर-मॅडम तिनं ठरवूनबी टाकले. सकाळी पारवा गावाकडं न्यायचं, संध्याकाळी आणायचं, महिन्याचा ठराव. पण त्यांची एक अट आहे. पंधरा डिसेंबरले गाडी दारात पाहिजे. नाही तर ते पांढरकवड्याच्या एका जीपवाल्याले हो म्हणणार.

तिचे साठवलेले पैसे आणि तिच्या मायची, म्हणजे इंदूबाईची, सोन्याची पोत. एवढ्यात गाडी बसवायची आहे. हे बुडालं तर पोरगी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याच्या कंत्राटावर.

मी म्हणलं, "गाडी तू चालव. सौदा मी करतो."

"सौदाबी मीच करीन, बाबा."

हसू आलं मले. अवं, चोवीस वर्षं मी जिनिंगमंधी, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो. शेतकऱ्याची ट्रॉली काट्यावर जायच्या आधी माझ्यासमोर थांबे. मी कोपरापर्यंत हात खुपसे, खालून मूठ काढे, दोन अंगठ्यांत धागा ओढून पाहे, आणि बोले. एक नंबर. दोन नंबर. कवडी, म्हणजे किडका पिवळा माल. मी बोललो का भाव ठरला, मंग माणूस रडो का पाया पडो. मोठ्या शेठनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: माल पाह्याचा, मालवाल्याचं तोंड नाही पाह्याचं. तोंड पाह्यलं का भाव चुकते.

असा माणूस घरात असताना पोरगी सौदा करन? लोकं हसतीन.

१५ नोव्हेंबर, सोमवार

यवतमाळले शोरूममंधी गेलतो. पायलच्या स्कूटीवर मागं बसून. गुडघ्याची वाट लागली.

एवढं मोठं काचेचं दुकान आणि आत एकच व्हॅन. तिच्याही काचेवर 'विकली' म्हणून चिठ्ठी. टेबलावर एक गझाला मॅडम होत्या. म्हणल्या, "काका, गाडी नाहीये. बुकिंग करा, तीन महिन्यांनी नंबर लागन."

"तीन महिने? कापूस पेरून राह्यले का?"

तर म्हणे गाडीत नखाएवढी चिप राहते, ते बाहेरून येते, आणि ते येऊन नाही राह्यली. सूट किती म्हणून विचारलं. म्हणे सूट नाही, यंदा दिवाळीलेच नव्हती. वरून सीटकव्हर, मॅट, काय काय, ते घ्यावंच लागते.

मी माझं काम सुरू केलं. दरवाजा उघडून लावला. म्हणलं, डबड्यासारखा आवाज येते. बोनेटवर टिचकी मारली, म्हणलं पत्रा कागदाचा आहे. सीट दाबली, म्हणलं यात बसून मास्तरणीची कंबर मोडन. पायल माझी बाही ओढून राह्यलती. मॅडमनं कॉम्प्युटरवरून मानच उचलली नाही.

मंग मी उठलो. सौद्याचा कायदा आहे, उठायचं आणि दाराकडं चालायचं. दारापाशी पोचायच्या आत समोरचा आवाज देते, देतेच. मी चाललो. दार आलं. आवाज नाही. दारापाशी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं, त्याच्यावरचं सगळं वाचून काढलं. मराठीतलं वाचलं, हिंदीतलं वाचलं. आवाज नाही. वळून पाह्यलं तर माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसून सही करून राह्यलता.

बाहेर चहा पेताना पायलले म्हणलं, "कसे लोकं हायेत? त्या बाईनं एकदाबी माझ्या तोंडाकडं पाह्यलं नाई. माणसासंगं असं वागतेत का?"

पायल माझ्याकडं पाहतच राह्यली. काहून पाहून राह्यली ते समजलं नाही.

२० नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा गेलो. पायलनं हात जोडले म्हणून. ती म्हणे, बुकिंग तर करून ठेवू, कोणी नाव मागं घेतलं तर नंबर लवकर लागन.

बरं, म्हणलं, इसार देऊन टाकू. खिशातून पैसे काढले. तर मॅडम म्हणते, "काका, बुकिंगनं फक्त नंबर लागते. भाव गाडी हातात भेटन त्या दिवशीचा."

माझं डोस्कंच फिरलं! इसार दिला का सौदा पक्का. बाजारात एक रुपया हातावर ठेवला का बैलाचं दावं बदलते, मंग उद्या भाव दुप्पट का होईना. आणि हे इसार घेऊन भाव मोकळा ठेवतेत? मी टेबलावर हात आपटला. "ही बेइमानी आहे. भाव तुमी ठरवान, तारीख तुमी ठरवान, आमी कायले आलो मंग? नुसतं पाहाले?"

मॅडम शांत होती. म्हणली, "काका, तुमच्या मागं बत्तीस लोकं आहेत."

पैसे उचलले आणि आलो. पायल बाहेर येऊन स्कूटीच्या आरशाले म्हणाली, "शेतकरी असाच उभा राहे ना तुमच्यासमोर?"

मी म्हणलं, "ते येगळं हाये."

२७ नोव्हेंबर, शनिवार

आर्णीले एक जुनी व्हॅन असल्याचं समजलं. साजिद मेकॅनिकले संगं घेतलं. त्याचं गॅरेज पांढरकवडा रोडवर आहे, पायलच्या अँबुलन्सचं काम तोच करे. मालक सेवादास नावाचा किराणा दुकानदार. गाडी तीन वर्षांची. साजिदनं खाली सरकून पाह्यलं, उठला आणि मले कानात म्हणला, "काका, माल टनाटन हाये. हो म्हणा आणि चाबी घ्या."

असं लगेच हो म्हणतेत का? मी चटई उचलली, गंज दाखवला. टायर टोकरले. धूर हुंगला. सेवादासले म्हणलं, ही गाडी नाही, भंगार आहे, पन्नास हजार कमी कर. मी मागच्या सीटखाली डोकं घालून अजून एक खोट शोधून राह्यलतो, तर बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. डोकं बाहेर काढेस्तोवर एक माणूस सांगतला भाव देऊन, चाबी खिशात टाकून उभा. वरून मले म्हणते, "काका, जरा उतरता का?"

माझ्या घासाघिशीत गाडी गेली, असं साजिद म्हणत नाही, पण रस्ताभर तो तोंडातली सुपारीच चघळत बसला.

पायल बोलली. घरी आल्यावर बोलली. "बाबा, तुमी भाव करत नाई. तुमी फक्त वस्तूले नाव ठेवता. समोरच्याले लहान केल्याबिगर तुमाले घेणंच जमत नाई."

मीबी बोललो. नको ते बोललो. एका कंत्राटी ड्रायव्हरनं मले शिकवू नये, असं बोललो. ती उठून अंगणात गेली. इंदूबाईनं जेवायले वाढलं नाही, ताट पुढं सरकवलं फक्त.

बेचैन असलो का माझी बोटं गप राहत नाहीत. आज गादीची शिवण उसवून कापूस ओढत बसलो. दोन अंगठ्यांत धागा धरायचा, ओढायचा, तोडायचा. इंदूबाई म्हणे, "सगळी गादी खाली करता का?"

२ डिसेंबर, गुरुवार

साजिद सकाळीच आला. पायल घरी नव्हती. म्हणे, "काका, गाडी सापडली. पारव्याच्या पुढच्या तांड्यावर. पिवळ्या पाटीची, परमिटवाली. लग्नाच्या ऑर्डरीसाठी घेतलती त्यानं, मंग लॉकडाऊन लागला. ताडपत्रीखाली झाकून ठेवली, नवी नवरीच समजा. देवसिंग नाव हाये."

मी म्हणलं, कोण देवसिंग, मी नाही ओळखत.

खरंच आठवत नाही. लाल ट्रॉली होती, मागचा फाळका तुटलेला, तारेनं बांधलेला. संगं बाप होता, पांढरं पागोटं, एका हातात विडी आणि विडी पेटवलेली नव्हती. दोन हजार पाचचा डिसेंबर, दुपारचे अडीच. असे रोज शंभर लोकं येत. कोणकोणाले लक्षात ठेवायचं?

साजिदले म्हणलं, पायलले मी सांगतो.

संध्याकाळी पायल विचारे, साजिदभाई आलते का? मी म्हणलं, आलता. एक गाडी सांगत होता, पण तिचं इंजिन बसलेलं आहे.

हे लिहायले नको होतं. पण लिहिलं.

६ डिसेंबर, सोमवार

बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. विहारात मेणबत्त्या लावल्या. पायल पांढरी साडी नेसलती. तिची तब्येत उतरली आहे. दोन मॅडमचा फोन आलता तिले, जीपवाला त्यांच्याकडं जाऊन आला म्हणे. ती हसून म्हणाली, "अजून नऊ दिवस हायेत ना मॅडम." फोन ठेवला आणि मेणबत्तीकडं पाहत बसली.

मले तिथं बसवेना. विहाराभोवती चार चकरा मारल्या. एकजण म्हणला, उकंडाभाऊ, पाय दुखते का? मी म्हणलं, हो, पायच दुखते.

सांगून टाकावं का? सांगतलं तर ती तांड्यावर जाईन. गेली तर तो नाव विचारन. आणि विचारलं तर काय होईन? काहीच होणार नाही. सोळा वर्षं झाली. मंग मी सांगत काहून नाही?

८ डिसेंबर, बुधवार

साजिदनंच फोडलं. बाजारात पायलले भेटला आणि विचारलं, देवसिंगची गाडी पाह्यली का नाही? पायल तिथूनच स्कूटीवर तांड्यावर गेली. मले न सांगता.

चार वाजता आली. आधी चेहरा असा फुललेला होता का मले वाटलं, झालं. म्हणे, "आई, इंजिन एकदम गुळगुळीत चालते. बसलेलं-बिसलेलं काई नाई." हे म्हणताना माझ्याकडं पाह्यलं नाही तिनं. ते बरं नाही वाटलं.

इंदूबाईनं विचारलं, भाव कसा केला?

"केलाच नाई. त्याले विचारलं, तुमाले कितीत परवडते? त्यानं सांगतलं चार लाख. मी म्हणलं, माझ्यापाशी पावणेचार हायेत, आणि हे सात लोकांचा ठराव हाये, पाहा. वरच्यासाठी मी तुमच्या घरचे सगळे दवाखाने वर्षभर फुकट करीन, रात्री-बेरात्री, अँबुलन्स चालवली हाये मी. तो हसला. त्याची माय थकलेली हाये. हो म्हणला."

घ्या! हा काय सौदा झाला? पण झाला.

मंग कागदासाठी त्यानं नाव विचारलं. पायल उकंडा खोब्रागडे. तर तो पेन खाली ठेवून म्हणला, "जिनिंगमंधले उकंडा? ग्रेडर?" पायल म्हणली, हो. देवसिंग म्हणला, "बाई, तुझ्यावर राग नाई. पण बापाले घेऊन ये. त्यायच्याबिगर गाडी नाई."

"तुमचं काय होतं त्याच्यासंगं, बाबा?"

"काई नाई. तांड्यातली माणसं, काईतरी गैरसमज असन."

इंदूबाई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. मले म्हणली, "तांड्यातली माणसं म्हणून काय झालं? आपल्याले कोणी वस्तीतली माणसं म्हणलं का कसे पेटता तुमी." मी उठून बाहेर गेलो.

१० डिसेंबर, शुक्रवार

दाढ दुखून राह्यली. तांड्यावर जाणं नाही जमलं.

११ डिसेंबर, शनिवार

ताप असल्यासारखं वाटते. इंदूबाईनं कपाळाले हात लावला आणि म्हणली, "थंडगार हाये."

१२ डिसेंबर, रविवार

पायल सकाळी स्कूटी पुसते, पुसलेलीच पुन्हा पुसते. आज माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणली, "बाबा, मी उद्या सकाळी साडेआठले निघून राह्यली. तुमी मागं बसले तर बसले."

दिवसभर घरात फिरलो. दारात जा, आत ये. उशीचा कापूसबी आता संपत आला.

१३ डिसेंबर, सोमवार

मागं बसलो.

देवसिंगचं घर पक्कं आहे आता. पुढच्या खोलीत पाय ठेवायले जागा नाही, जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस. क्विंटलले साडेआठ हजार भाव चालू आहे तरी त्यानं माल दिला नाही. आमच्यासमोरच एक व्यापाऱ्याचा माणूस ओट्यावर बसलेला, तोंडात साखर घोळवून राह्यलता. "देवसिंगभाऊ, माल तर सोनं हाये, तुमी म्हणान तो भाव." देवसिंगनं त्याले चहा दिला आणि रस्त्याले लावलं. आमच्या वेळी असे शेतकरी आमच्यासमोर तीन-तीन दिवस ट्रॉलीखाली झोपत.

मी जय भीम म्हणलं. तो जय सेवालाल म्हणला. केस पिकले आहेत त्याचे. मले कापसापाशी नेलं.

"हात घाला, साहेब."

घातला. कोपरापर्यंत. खालून मूठ काढली, धागा ओढला. सहा वर्षांत ट्रॉलीले हात नाही लावला, पण अंगठे इसरले नाहीत.

"एक नंबर," मी म्हणलं.

"आणि पाच सालचा?"

पायल दारात उभी होती. मी म्हणलं, "इतक्या वर्षाचं कोणाले आठवते, भाऊ."

देवसिंग रागावला नाही. पायलकडं वळून म्हणला, "बाई, चहा पेऊन जाय. गाडी नाई जमत."

मी पायलच्या तोंडाकडं पाह्यलं. पाह्याचं नाही असा कायदा होता, पण पाह्यलं. ती रडत नव्हती, रागात नव्हती. ट्रॉलीपाशी उभे असलेले लोकं जसे मी बोलायच्या आधी माझ्याकडं पाहत, तशी पाहून राह्यलती. तेवढे चेहरे मी पाह्यलेच नाहीत असं मी समजत होतो. सगळे पाह्यले होते.

"लाल ट्रॉली होती," मी म्हणलं. "फाळका तारेनं बांधलेला. पहिल्या वेच्याचा माल होता. धागा एवढा लांब का तुटता तुटे नाई. एक नंबर होता. मी कवडी म्हणलं."

मले वाटलं, झालं. पण देवसिंग आत गेला आणि एका म्हातारीले हात धरून घेऊन आला. त्याची माय. तो तिले याडी म्हणते. डोळ्याले कमी दिसते, पण उभी सरळ राहते. तिले खाटेवर बसवलं आणि मले म्हणला, "आता तिच्यासमोर सांगा. तेच."

पुन्हा सांगतलं.

देवसिंग म्हणला, "त्या दिवशी जिनिंगमंधून घरी आल्यावर माझा बा याडीले म्हणला, तुनं कवडी वेचली, किडकं वेचून चांगल्यात टाकलं, तुझ्यापायी भाव पडला. ग्रेडर काय खोटं बोलन, असं म्हणे. चार वर्षं झाले तो गेला. पण मरेस्तोवर दर साल पहिल्या वेच्याले पुऱ्या मजुरांसमोर म्हणे, हिच्या वेचणीवर लक्ष ठेवा. मले तुमचे पैसे नको, साहेब. हे पाहिजे होतं."

मले हे माहीतच नव्हतं. भाव पाडला, पैसे कमी गेले, एवढंच मी धरून होतो. ते कोणाच्या डोक्यावर जाऊन पडलं ते मी कधी पाह्यलंच नाही.

म्हातारी मंग म्हणली, "मी आंधळी होती का तवा? एक एक बोंड पाहून वेचलं होतं." आणि माझ्याकडं मान वळवून, "काहून म्हणला रे असा?"

"शेठनं सांगतलतं, माय. त्या दिवशी एक नंबरच्या गाड्या पुऱ्या झालत्या. बाकी साऱ्या मालाचा भाव पाडायचा होता."

"शेठनं सांगतलं. तोंड तं तुझंच होतं ना?"

होतं. माझंच होतं. मी मान हलवली, पण तिले तेवढं दिसत नाही, म्हणून तोंडानं म्हणलं, "हो, माय."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं तोंड केलं. पांढरं पागोटं. त्यायच्या बोलीत ती फोटोले बरंच काही बोलली, हात हलवून, भांडल्यासारखी. देवसिंगनं डोळे पुसले. मी अर्थ विचारला नाही.

गाडीचा भाव त्यानं एक रुपयानं वाढवला नाही, एक रुपयानं कमी केला नाही. पायलच्या हातात चाबी दिली. स्कूटी साजिद नंतर आणणार. मी व्हॅनमंधी पुढं बसलो. पारवा गेलं, नाला गेला, घाटंजीचा नाका दिसायले लागला तेव्हा पायल म्हणली, "अजून किती हायेत, बाबा?"

मी म्हणलं, "मोजले नाई."

"आठवतेत ना पण?"

मी मुठीतला कापूस सदऱ्याच्या खिशात टाकला.

घरी आल्यावर इंदूबाईले सगळं सांगतलं. मले वाटलं, चिडन. ती म्हणली, "मले माहीत होतं. तुमी झोपेत बोलता. चोवीस वर्षं ऐकून राह्यली मी. आधी एक नंबर म्हणता, मंग कवडी म्हणता."

१५ डिसेंबर, बुधवार

गाडी सुरू झाली. सात मास्तर-मॅडम वेळेवर आले. पायलनं बुद्धाचा छोटा फोटो समोर लावला, इंदूबाईनं फुलं वाहली. मी नवा सदरा घालून पुढच्या सीटकडं गेलो तर पायल म्हणली, "बाबा, आठ सीट, आठ माणसं. तुमाले जागा नाई." सगळे हसले. मीबी हसलो, पण खोटं.

पांढरकवड्याची जीप नाक्यावर उभी होती. त्याच्या समोरून पायलनं हॉर्न वाजवत गाडी नेली. ते पाहून छाती भरून आली, कोणाले सांगू?

१८ डिसेंबर, शनिवार

सदऱ्याच्या खिशात देवसिंगच्या घरचा कापूस तसाच राह्यलता, मुठीत आलेला. इंदूबाईनं धुवायच्या आधी काढून माझ्यासमोर ठेवला. दिवसभर माझ्या बोटांनी त्याले हात लावला नाही.

२० डिसेंबर, सोमवार

एक मॅडम सुटीवर होत्या. सीट खाली होती. मी सकाळी जाऊन गाडीपाशी उभा राह्यलो.

पायल म्हणली, "कुठं?"

"पारव्याच्या फाट्यावर उतरतो."

"तिथं काय काम?"

"रहेमान राहते तिथं. आठ सालची बंडी होती त्याची, निळे शिंगवाले बैल." मॅडम लोकं ऐकून राह्यले होते. "त्याले एक सांगायचं राह्यलं हाये."

पायलनं माझ्याकडं पाह्यलं, लय वेळ. मंग हात पुढं केला. "तीस रुपये."

मी खिशातून तीस रुपये काढले आणि दिले. जास्त होतात असं म्हणलं नाही.